हिरव्या कडेचे डाग

सापगाव, ता. शहापूर
५ सप्टेंबर १९३८

नथूदादा,

नमस्कार. खुशाली मागाहून, आधी काम. तुमच्या शेताच्या बांधावरची हरळी मला हवी आहे. दोन गोणी भरून, मुळं-काशांसकट, माती न झटकता. लडकूची गाडी शहापूरच्या बाजाराला येते, तिच्यात टाकून द्या. आणि हसू नका.

शेठ विलायतेला गेले आहेत आणि मुंबईचा बंगला बंद आहे, म्हणून मला पुढल्या पावसाळ्यापर्यंत रजा मिळाली. मी गावी येऊन राहिलो तो तुमच्या बहिणीसाठी. देवकीला तिसरा महिना आहे. हे तुम्हाला आधीच कळवायला हवं होतं, पण गेल्या वर्षी सातव्या महिन्यात जे झालं, त्यानंतर ती कुणाला सांगू देत नव्हती. हिवतापानं तिच्या अंगातलं रक्त आटून गेलं आहे. शहापूरच्या डॉक्टरांनी तिची पापणी उलटून पाहिली आणि मला बाहेर बोलावून सांगितलं की, रक्त भरलं नाही तर हे बाळंतपण हिला झेपणार नाही. औषध दिलं, आणि सकाळी थोडं अनवाणी चालवा म्हणाले, मऊ जमिनीवर, सावकाश.

आता आमच्या अंगणात मऊ काय आहे? सगळा मुरूम. चार पावलं टाकली की तिच्या तळव्यांना टोचतो आणि ती परत फिरते. म्हणून मी अंगणात हिरवळ करणार आहे. शेठच्या हिरवळीवर गोरे साहेब बूट काढून चालायचे, ती माझ्या हातची होती. मग माझ्या बायकोला का नको? चैत्रात ती बाळंत होईल. तोपर्यंत तिला त्या हिरवळीवर चालवून तिच्या गालावर रक्त आणीन, हे माझं ठरलं आहे.

तुमचा,
दामू


सरळगाव, ता. मुरबाड
१४ सप्टेंबर १९३८

दाजी,

तुमचं पत्र मी पारावर बसून मोठ्यानं वाचलं, ही माझी चूक. हरळीपर्यंत आलो आणि सगळा पार हसायला लागला. आमचा बाप हरळी खणता खणता म्हातारा झाला, मी खणतो आहे, आणि आमचे जावई ती गोणी भरून मागतात. बारकू म्हणाला, "पाव्हण्यांना सांग, लव्हाळा बी हाय, तो पायजे काय?" देवकीचं नाव आल्यावर मात्र मी पत्र घडी करून खिशात घातलं आणि घरी येऊन आईला वाचून दाखवलं.

आईनं देवापुढं दिवा लावला. मग एवढंच म्हणाली, "तिला सांग, उष्ण काय खाऊ नको. पपई नको, तीळ नको. गेल्या टायमाला मुंबईत ती लाल औषधं पाजली, त्यानंच घात झाला." मी म्हटलं, डॉक्टरनं दिलं आहे, विचार करूनच दिलं असेल. त्यावर ती उठून चुलीकडं गेली. तुम्ही माझ्या आईला ओळखता. ती भांडते तोवर काळजी नसते.

दोन नव्हे, चार गोणी हरळी धाडली आहे. आमच्याकडं तिला तोटा नाही. सोबत नाचणीचं पीठ आहे, ते देवकीला. हरळीला पाणी घाला की नका घालू, ती मरायची नाही, एवढं मी लिहून देतो.

तुमचा,
नथू


सापगाव
२० नोव्हेंबर १९३८

नथूदादा,

तुम्ही लिहून दिलं होतं, म्हणून तुम्हालाच विचारतो. तुमची हरळी मरते आहे.

दिवाळीपर्यंत सगळं मनासारखं होतं. मुरूम उकरून काढला, भातसेच्या काठची पोयटा माती आणली, काशा लावल्या, दोनदा कापली, लाकडाच्या ओंडक्यानं दाबली. दिवाळीत अंगण असं दिसत होतं की शेजारचा चंदर चपला बाहेर काढून आत आला. देवकी रोज सकाळी तिच्यावर चालते. औषधाची वाटी मी भरून तिच्या हातात देतो. ती म्हणते, चालता चालता घेते, बसून घेतलं की मळमळतं. परत येते तेव्हा वाटी रिकामी असते.

दिवाळी सरली आणि डाग पडायला लागले. आधी तळहाताएवढा, मग ताटलीएवढा. मध्ये गवत करपून काळंतपकिरी, आणि कडेला मात्र असं गर्द हिरवं की बाकीच्या हिरवळीला लाजवील. हे हुमणीचं काम असेल तर ती तुमच्या बांधाच्या मातीतून आली, हे मान्य करा. शेठच्या बागेत बाहेरची माती मी चाळल्याशिवाय कधी आत घेतली नव्हती. तुमच्यावर विश्वास ठेवला.

मला याचा इतका राग का येतो ते कुणाला कळणार नाही. माळ्याच्या दारातली हिरवळ डागाळली, तर त्यानं तोंड कुठं दाखवायचं? शिवाय देवकी डागाजवळ आली की वळसा घालते. तिचं चालणं कमी झालं आहे. चेहरा अजून पांढराच. बाटली तर वेळेवर संपते. डॉक्टरसुद्धा कोड्यात पडले आहेत, त्यांनी औषध आणखी कडक करून दिलं.

उलट टपाली उपाय कळवा.

दामू


सरळगाव
१ डिसेंबर १९३८

दाजी,

माझ्या बांधाला नावं ठेवण्याआधी एक करा. डागातलं गवत मुठीत धरून ओढा. हुमणीनं मुळं खाल्ली असली तर गवत गोधडीसारखं अलगद हातात येईल आणि खाली पांढऱ्या जाड अळ्या वळवळताना दिसतील. नाही आलं, तर हुमणी नाही, आणि मग माझ्या बांधाची माफी मागा.

कडा हिरवी आणि मध्ये जळकं, हे मी आमच्या खळ्याजवळ पाहिलं आहे. तिथं कुत्रं मुततं. जिथं जास्त पडतं तिथं जळतं, जिथं ओलावा नुसता पोचतो तिथं खत होतं. काटे लावून बघा.

आणि त्यानंही भागलं नाही तर आमचा उपाय एकच, राब. जमिनीला काहीही झालं तरी आम्ही राब भाजतो. ऐनाचा टहाळ, शेण, पातेरा, वर मातीचा थर, आणि द्यायची काडी. कीड मरते, रोग मरतो, आणि राखेतून हरळी पुन्हा उठते, तिला कोण मारणार? तुमचे शेठ हसतील. पण त्यांनी कधी भात पिकवलेलं नाही.

आता मनातलं लिहितो. तुमच्या पत्रात गवताला दीड पान आहे आणि माझ्या बहिणीला चार ओळी. ती पांढरी का, हे मला आधी कळवा. डाग का पडतात ते मागाहून कळलं तरी चालेल.

नथू


सापगाव
१८ डिसेंबर १९३८

नथूदादा,

तुमचं शेवटचं बोलणं लागलं. ते खरं आहे म्हणून लागलं. पण मी बिचारा काय करू? रक्ताचं काही मला कळत नाही आणि गवताचं कळतं. जे कळतं त्याच्याशीच माणूस झुंजतो.

तुमच्या बांधाची माफी मागतो. ओढून पाहिलं, गवत सुटलं नाही. खणून पाहिलं, मुळं पांढरी आणि टणक. मग करवंदीच्या काट्यांचं कुंपण केलं, मांजरसुद्धा आत शिरायचं नाही. डाग कुंपणाच्या आत पडले. शेवटी नाइलाजानं तुमचा राब भाजला, डागाडागावर एकेक लहान. अंगणभर धूर झाला. चंदरनं कुंपणावरून विचारलं, "काय दामू, आंगनात भात पेरताव?"

देवकी दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "कशाला जाळताव? त्या मातीत काय नाय."

"मग डाग कशाचे?"

"मला काय ठाव," म्हणाली आणि डोळ्याला पदर लावून आत गेली. धुरानं डोळे झोंबले असतील. मी तिला आधी आत बसवायला हवं होतं.

राखेतून हरळी उठते आहे, त्यात तुम्ही जिंकलात. पण नवे डाग पडलेच, आणि आता ते उंबऱ्याकडं सरकले आहेत. दारापासून चार पावलांवर दोन ताजे आहेत.

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. तिच्या पायांना सूज आहे. उंबरा ओलांडला की धाप लागते. डॉक्टर काल म्हणाले, "औषध पोटात जातं आहे ना नक्की?" मी जरा घुश्श्यातच सांगितलं की मी स्वतः हातानं भरून देतो. यापुढं मी तिच्यावरून आणि त्या अंगणावरून नजर हलवणार नाही. हिला आणि गवताला काय खातं आहे ते शोधून काढीन, मग ते हिरवळीत असो की कुठं असो.

दामू


सापगाव
३ जानेवारी १९३९

नथूदादा,

सापडलं.

परवा ताज्या डागातली माती चिमटीत घेऊन जिभेला लावली. आम्ही माळी लोक लावतो, त्यात नवल नाही. तुरट लागली, लोखंड चाटल्यासारखी. ही चव मला ओळखीची होती. शेठकडं मेजवानी असली की हिरवळ गर्द दिसावी म्हणून आम्ही झारीभर पाण्यात चिमूटभर हिराकस घालून शिंपायचो. एकदा एका नव्या माळ्यानं बादलीच्या तळाचा गाळ तसाच ओतला आणि तेवढी जागा काळी पडली, कडेला मात्र तीच गर्द हिरवाई. दादा, मला हे पहिल्या दिवशी ओळखता यायला हवं होतं. पण माझ्या दारात हिराकस कुठून येणार, म्हणून तो विचारच शिवला नाही.

मी दवाखान्यात गेलो आणि विचारलं, हिच्या औषधात काय आहे? डॉक्टर म्हणाले, लोह. तुमच्या भाषेत हिराकसाच्याच जातीचं, रक्त त्यानंच भरतं.

दुसऱ्या दिवशी वाटी तिच्या हातात दिली आणि मी खिडकीआड उभा राहिलो. ती भिंतीला धरून उतरली. दोन पावलं चालली, दम खायला थांबली, एक हात पोटावर ठेवला आणि दुसऱ्या हातानं पदराआडून वाटी उपडी केली. मग डाग का सरकत होते ते कळलं. तिला जेवढं चालवत होतं, तेवढ्यावर डाग पडत होते.

मी बाहेर आलो. ओरडणार होतो, पण तिचं तोंड बघून ओरडवलं नाही. एवढंच विचारलं, "का गो?"

ती खाली बसली. म्हणाली, "पैल्या दिसापासनं घेतलं का पोटात आग पडायची. गेल्या टायमाला बी अशीच आग पडली व्हती, आन मंग पोर गेला. तरी घेत व्हते. मंग आयनं बी निरोप धाडला, औषध उष्ण हाय, घेऊ नको, तवापासनं ओतते. मी तुमाला सांगितलं असतं तं तुमी पाजलं असतं." मग तिनं डागाकडं बोट केलं. "हे बगा. गवत जळलं. हरळी जळली, जी कशानं मरत नाय. मंग पोटातल्याचं काय व्हईल?"

दादा, माझीच हिरवळ तिच्या बाजूनं साक्ष देते आहे. जी मरत नाही म्हणून तुम्ही लिहून दिलं होतं, ती तिच्या डोळ्यादेखत काळी पडली. ती बाई स्वतः मरायला तयार आहे, पण पोराला इजा नको म्हणते. बळजबरी करू? नाक दाबून पाजू? तसं मला जमायचं नाही, आणि पाजलं तरी ती ओकून टाकील.

आईंनी निरोप कधी धाडला, ते मला कळवा. मी रागावलेलो नाही. रागावलो आहे, पण तुमच्यावर नाही.

दामू


सरळगाव
१२ जानेवारी १९३९

दाजी,

म्हशाच्या जत्रेहून आलो आणि तुमचं पत्र हातात पडलं. बैल घ्यायला गेलो होतो, बैल राहिला बाजूला. पत्र वाचून चुलीपाशी गेलो आणि आईला विचारलं, देवकीला निरोप धाडलास?

"धाडला," म्हणाली. "दिवाळीत धोंडीबाई तिकडं लेकीकडं गेली, तिच्या तोंडी. का रं?"

मी पत्र वाचून दाखवलं. डाग, हिराकस, वाटी, सगळं. वाटलं, आता रडेल. रडली नाही. म्हणाली, "बगितलंस? हरळी जळली. माझी पोरगी शानी हाय." दाजी, मी आयुष्यात पहिल्यांदा आईवर आवाज चढवला. तिची सूज, तिची धाप, सगळं सांगितलं. म्हटलं, तुझी शहाणी पोरगी चैत्र बघायची नाही. संध्याकाळी बोचकं बांधताना दिसली. म्हणाली, "मी जाते. माझ्या डोळ्यांनी बगते, मंग काय ते."

लडकूच्या गाडीतून ती परवा निघेल. तुमच्याकडं राहील, पण तुमचं काही खाणार नाही, पाणीसुद्धा पिणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, हा आमच्या घरचा दंडक तुम्हाला ठाऊक आहे. तांदूळ आणि मडकं बरोबर घेतलं आहे. अंगणात कुठं तीन धोंडे मांडू द्या. तुमच्या हिरवळीवर मांडले तरी रागावू नका.

मला तिच्यापुढं बोलता आलं ते एवढंच. पुढचं तुमच्यावर. देवकीला ओरडू नका.

नथू


सापगाव
१४ फेब्रुवारी १९३९

नथूदादा,

महिना झाला, तुम्हाला ओळ लिहिली नाही. आईंनी सवड दिली नाही.

त्या आल्या, आंब्याखाली धोंडे मांडले, चंदरच्या विहिरीचं पाणी आणलं आणि पदर पुढं ओढून हिरवळीवर उकिडव्या बसल्या. माझ्याशी थेट बोलत नाहीत. देवकी समोर असली की तिला म्हणतात, "त्यांना इचार." मी शेजारीच उभा असतो.

मी त्यांना डागाची कडा दाखवली. म्हटलं, मध्ये निखळ औषध पडलं तिथं जळलं. कडेला तेच औषध ओलाव्यातून थोडं थोडं पोचलं, तिथलं गवत बघा. सगळ्या अंगणात असं हिरवं दुसरीकडं नाही. औषध तेच, फरक पाण्याचा.

आई म्हणाल्या, "त्यांना सांग, कुत्र्याच्या मुताची कडा बी हिरवी असते."

हे तुमचंच शास्त्र. मी चिडलो, पण हटलो नाही. म्हटलं, मग तुम्हीच जागा निवडा. भिंतीशी चुना सांडलेला आहे, तिथं गवत कायम पिवळं असतं, मी कधी त्याला हिरवं करू शकलो नाही. त्यांनी तीच जागा निवडली आणि मध्ये दोरी ताणली. दोरीच्या एका बाजूला नुसतं पाणी, दुसऱ्या बाजूला घागरभर पाण्यात चमचाभर देवकीचं औषध. घालणार त्या स्वतः. मी चोरून खत घालीन अशी त्यांना शंका होती, म्हणून मला त्या कोपऱ्याकडं फिरकू देत नव्हत्या. माझ्याच अंगणात मी पाहुणा झालो.

दादा, त्या दिवसांत मी कसा होतो ते कुणाला सांगण्यासारखं नाही. देवकी आत पडून, सूज चढलेली, आणि आम्ही दोघं बाहेर गवत उगवायची वाट बघतो आहोत. एकदा वाटलं, सगळं उधळून तिला बैलगाडीत घालून मुंबईच्या इस्पितळात न्यावं. पण तिथं तरी तिनं तोंड उघडलं असतं का? तिला आईचा शब्द हवा होता, डॉक्टरचा नव्हे.

मी पुन्हा दवाखान्यात गेलो तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, पाण्यातून देता ना, जेवणानंतर? निखळ दिलं की गुण लवकर येईल म्हणून मी पहिल्या दिवसापासून तसंच देत होतो. झारीत चिमटीनं हिराकस घालणारा मी, बायकोला मात्र गाळ पाजत होतो. तिच्या पोटात आग पडली, ती खोटी नव्हती.

हळूहळू दोरीची एक बाजू बदलली. आधी मला भास वाटला. मग चंदर म्हणाला, मग देवकीनं खिडकीतून पाहिलं. पाण्याची बाजू पिवळी ती पिवळीच, औषधाची बाजू हिरवी. आई संध्याकाळभर त्या दोरीशी बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या घरात आल्या. आमच्या माठातून तांब्याभर पाणी घेतलं. मी बघतच राहिलो, देवकी तर उठून बसली. म्हणाली, "आय, आपल्या घरचं पानी हाय ते. तुला चालत नाय."

"गप ऱ्हा," आई म्हणाल्या. बाटलीतून चमचाभर औषध त्या तांब्यात ओतलं, ढवळलं, आणि उभ्याउभ्या निम्मा तांब्या पिऊन टाकला. तोंड वाकडं केलं. "तुरट हाय. पन आग नाय." असं त्यांनी रोज केलं, जेवणावर, देवकीच्या डोळ्यांसमोर. आठवडाभर लेकीला एक थेंब दिला नाही. मी एकदा घाई केली, तर थेट माझ्याकडं बघून म्हणाल्या, "म्हातारीच्या पोटाला काय झालं तं झालं. मला बगू द्या." माझ्याशी बोललेलं त्यांचं पहिलं वाक्य.

आज सकाळी त्यांनी तांब्या देवकीपुढं धरला. ती घेत नव्हती. आई म्हणाल्या, "मी पिलेय गो. तुझ्या घरचं पानी पिलेय. आता तू पी."

प्यायली. सगळा तांब्या.

दामू


सरळगाव
७ मार्च १९३९

दाजी,

शिमग्याची होळी पेटली, पण माझं चित्त तिकडं. तुमचं पत्र मी पारावर वाचलं नाही. घरात वाचलं, दार लावून. आईनं लेकीच्या घरचं पाणी प्यालं, हे गावात कुणाला खरं वाटायचं नाही, आणि मी सांगणारही नाही. ज्याचं त्याला ठाऊक असलेलं बरं.

राब भाजायचे दिवस आहेत, मला हलता येत नाही. देवकीची सूज उतरली का? चालते का? बाळंतपणाला सुईण कोण? डॉक्टर येतील का? हिरवळीबद्दल या खेपेला एक अक्षर लिहिलं नाहीत तरी चालेल.

नथू


सापगाव
१६ मार्च १९३९

नथूदादा,

सूज उतरते आहे. काल दारापासून आंब्यापर्यंत गेली आणि न थांबता परत आली. डॉक्टरांनी पापणी उलटून पाहिली, आतून गुलाबी आहे. पूर्ण नाही म्हणाले, पण वाट धरली आहे. सुईण सावळीबाई, आणि निरोप आला की येतो, असा डॉक्टरांनी शब्द दिला आहे.

लोहानं दोघींचे दात काळे पडले आहेत. मायलेकी पायरीवर बसून एकमेकींना दात दाखवतात आणि हसतात. मला भीती आहेच. पण देवकी आता भिंतीला धरत नाही.

हिरवळीबद्दल अक्षर लिहीत नाही.

दामू


सापगाव
११ एप्रिल १९३९

नथू,

तुझी आय सांगते आन जावई लिवतात. आता मी त्यांच्याशी बोलते. पानी पिल्यावर पदर कशाला?

देवकी बाळंत झाली. पोरगी हाय. सावळी, नाक तुझ्या बापाचं. येळ लई लागला. रगत बी लई गेलं. सावळीबाईचं तोंड उतरलं, मला वाटलं आता काय खरं नाय. डाक्टर आले, त्यांनी पोट दाबून धरलं, सुई दिली. मंग थांबलं. डाक्टर मला म्हनाले, आजी, दोन महिन्यांमागं एवढं गेलं असतं तं हिच्या अंगात उरलं नसतं. मी ते ऐकलं आन भाईर आंब्याखाली जाऊन बसले. रडले. कुनी बगितलं नाय.

आता ती पेज पिते. पोरगी दूध पिते. औषध अजून घ्यायचं हाय, मी देते, मी असंपर्यंत कुनी बाटलीला हात लावायचा नाय. जावई बी नाय.

तू बारशाला ये. येताना जुन्या धोतराची फडकी आन. आन येन्याआदी धोंडीबाईकडं जा. माझा निरोप तिनं हितं आनला, पन ती सरळगाव ते सापगाव गप बसून आली नसंल. वाटंत जिथं जिथं पोटुशी बाई दिसली तिथं तिथं तिनं सांगितलं असंल, बाईजा म्हनते औषध घेऊ नका. त्या सगळ्या घरी तिला परत धाड. म्हनावं, घ्या. पान्यातून घ्या, जेवल्यावर घ्या, पन घ्या.

तुझी आय,
बाईजा

ता. क. नथूदादा, पत्र लिहून झाल्यावर आईंनी ते माझ्याकडून वाचून घेतलं आणि मी एक वाक्य गाळलं आहे ते लगेच ओळखलं. मला ते लिहवत नव्हतं. म्हटलं, आई, धोंडीबाईनं काय सांगायचं ते पत्रात आलं आहे, हे कशाला? त्या पत्र माझ्या हातात देऊन समोर बसून राहिल्या. म्हणून लिहितो, त्यांच्याच शब्दांत: "धोंडीबाईला म्हनावं, जावयानं समजावलं आसं सांगू नको. बाईजा चुकली, माझी लेक मी मारत व्हते, आसंच सांग. नाय तं बाया आयकायच्या नायत."

दामू